विशाखापट्टणमला समुद्रकिनारा आणि रिसॉर्ट सोडून पाहण्यासारखे काय आहे?

आपण कुटुंबासह चार दिवस विशाखापट्टणमला जाणार आहात, रिसॉर्ट किनाऱ्यावरच घेतले आहे आणि बाकीचे शहर एका दिवसात उरकेल का, असे विचारता. उरकणार नाही. दोन दिवस काढा आणि त्यांतली एक पूर्ण सकाळ तोटलाकोंडा या प्राचीन बौद्ध विहाराच्या टेकडीसाठी राखून ठेवा.

भीमुनिपट्टणमकडे समुद्राच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून सुमारे १६ किलोमीटरवर ही टेकडी आहे. १९८८ ते १९९२ या काळात आंध्र प्रदेशच्या पुरातत्त्व खात्याने येथे उत्खनन केले, तेव्हा स्तूप, चैत्यगृहे आणि भिक्षूंच्या खोल्यांचे अवशेष उजेडात आले. माझे गाव पैठण. पावसाळा सरला की पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, मातीत सातवाहनांची नाणी सापडतात, हे ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. सातवाहनांची शिशाची नाणी तोटलाकोंड्यावरही मिळाली आहेत, आणि तीही रोमच्या चांदीच्या नाण्यांसोबत. आमच्या गोदाकाठच्या राजांचे नाणे पूर्व समुद्रापर्यंत चालत होते, याचा मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

आम्ही गेलो तेव्हा दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, गाडीतून उतरलेच नाहीत. वेरूळ दारात असताना विटांची जोती पाहायला इतक्या लांब कशाला यायचे, समुद्राला आलो आहोत तर समुद्र पाहावा, असे त्यांचे म्हणणे होते. भाची मात्र माझ्याबरोबर वर आली आणि स्तूपापेक्षा खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यापाशी जास्त वेळ थांबली. कडेवरचे छिन्नीचे घाव तिने बोटाने चाचपून पाहिले, मग पालथी पडून हात आत सोडला, तरी बोटे पाण्याला टेकली नाहीत. "मामा, समोर एवढा समुद्र असून यांना पाणी साठवावे लागत होते?" असे तिने विचारले. या टाक्यांवरूनच टेकडीला तोटलाकोंडा हे तेलुगू नाव पडले आहे. ते लोक पावसाचे पाणी खडकात धरून वर्ष काढत होते, हे मी तिला सांगितले.

दाजी लातूरचे आहेत. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आले, त्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी आंघोळीचे पाणी झाडांना घातले जात होते. दुष्काळ ज्याने घरात पाहिला, त्याने दोन हजार वर्षांपूर्वीचे ते टाके पाहायलाच हवे होते, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. वेरूळला आणि अजिंठ्यालाही टाकी आहेत, हे खरे. पण खाऱ्या पाण्याच्या डोक्यावर बसून गोडे पाणी राखण्याची ती धडपड तिथे डोळ्यांना दिसत नाही.

उरलेल्या वेळात रामकृष्ण बीचवरची कुरसुरा पाणबुडी आतून पाहा. १९७१ च्या युद्धात तिने भाग घेतला होता आणि २००२ पासून ती संग्रहालय म्हणून खुली आहे. सिंहाचलमच्या मंदिरातला नृसिंह वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असतो. त्याचे मूळ रूप अक्षय्य तृतीयेलाच दिसते, तेव्हा त्या दिवशीच्या गर्दीचा विचार करून तारीख ठरवा. भीमुनिपट्टणमला डच लोकांची जुनी दफनभूमी आहे. बोर्रा गुहा अरकूच्या डोंगरात आहेत, त्यांना वेगळा दिवस लागतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. रामकृष्ण बीचवर पोहायला उतरू नका, तिथले प्रवाह जीवघेणे आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जाणार असाल तर हवामान खात्याचा अंदाज पाहून निघा. २०१४ चे हुदहुद चक्रीवादळ ऑक्टोबरमध्येच या शहरावर आदळले होते. टेकडीवर सावली थोडी आहे, म्हणून सकाळी लवकर चढा आणि पिण्याचे पाणी खालूनच भरून न्या. घरातले कोणी गाडीत बसून राहतो म्हणाले, तर त्यांना निदान त्या टाक्यापर्यंत तरी हाताला धरून न्या.