गेम पूर्ण झाल्यावर मार्केटिंग सुरू केलं तर चालेल का?

गेम सत्तर टक्के झालाय, एकटाच करतोय, मार्केटिंग पूर्ण झाल्यावर सुरू करावं का आणि त्यासाठी किती पैसे बाजूला ठेवावेत, असं तुम्ही विचारलंय. पहिल्याचं उत्तर सरळ आहे: नाही. पूर्ण झाल्यावर उशीर झालेला असतो. इतक्या ठामपणे सांगतोय, कारण याच मुद्द्यावर मी आणि माझा भागीदार तीन वर्षं भांडलो आणि शेवटी त्याचंच चाललं.

आमचा गेम सावल्यांचा होता. अंधाऱ्या मनोऱ्यात दिवा हलवायचा, वस्तूंच्या सावल्या भिंतीवर पडतात, त्या सावल्यांच्या पायऱ्या करून वर चढायचं. कोड त्याचा, चित्रं आणि लेव्हल्स माझ्या. पहिल्या वर्षाअखेर सहा लेव्हल्स खेळण्याजोग्या झाल्या तेव्हाच मी म्हटलं, स्टीमवर, म्हणजे संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, आपल्या गेमचं पान टाकू, डेमो, म्हणजे खेळून पाहायचा छोटा नमुना, ठेवू. तो म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची. अर्धवट दाखवलं की कल्पना चोरीला जाते आणि नाव खराब होतं ते वेगळंच. वर स्टारड्यू व्हॅली या गेमचा दाखला ठरलेला: एरिक बॅरोन एकटा चार वर्षांहून जास्त राबला, २०१६ मध्ये गेम आणला, हातोहात खपला. चांगला गेम स्वतःच स्वतःला विकतो म्हणे.

तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं, आता देतो. बॅरोनने तो गेम २०१२ मध्येच स्टीम ग्रीनलाइटवर, म्हणजे कोणते गेम स्टीमवर यावेत यासाठी लोकांची मतं घेण्याच्या तेव्हाच्या सोयीवर, लोकांपुढे ठेवला होता आणि नंतरची वर्षं काय चाललंय ते तो लिहीत, दाखवत राहिला. टोबी फॉक्सचा अंडरटेल हा गेम आला २०१५ मध्ये, पण त्याचा डेमो लोक २०१३ पासून खेळत होते. एकट्याने काम करणं वेगळं आणि लपवून काम करणं वेगळं. या दोन्हींची गल्लत केली की आमच्यासारखं होतं.

आमचं पान लागलं ते लाँचच्या आधी जेमतेम दोन आठवडे, तेसुद्धा स्टीम त्याहून कमी मुदत चालवून घेत नाही म्हणून. लाँचच्या दिवशी विशलिस्टवाल्यांना, म्हणजे ‘नंतर घेऊ’ म्हणून गेमवर खूण करून ठेवलेल्यांना, स्टीम स्वतः मेल पाठवतं. आमच्या यादीत त्या दिवशी २१२ जण होते, त्यातले निम्मे ओळखीचे. नेक्स्ट फेस्ट, म्हणजे येऊ घातलेल्या गेम्सच्या डेमोंचा स्टीमवरचा उत्सव, वर्षातून तीनदा भरतो, एका गेमला एकदाच भाग घेता येतो आणि तोही लाँचच्या आधी. ती संधी आम्ही न वापरताच घालवली. मित्रांना फुकट की, म्हणजे गेम मिळवायचे कोड, वाटल्या, त्यांनी मनापासून रिव्ह्यू लिहिले. पण की देऊन मिळालेल्या प्रतींचे रिव्ह्यू स्टीम गुणांकनात धरत नाही. विकत घेतलेल्यांचे दहा रिव्ह्यू होईपर्यंत पानावर ‘सकारात्मक’ वगैरे काही शेरा दिसत नाही. आम्ही दोन महिने नऊवर अडकलो होतो.

पण मला विकलं न गेल्याचं एवढं लागलं नाही. लागलं ते पुढचं.

लाँचनंतर तिसऱ्या दिवशी एका छोट्या स्ट्रीमरने, म्हणजे लोकांना थेट दाखवत गेम खेळणाऱ्याने, आमचा गेम खेळायला घेतला. पाहणारे चाळीसेक, त्यात आम्ही दोघं. पहिल्या लेव्हलमध्ये दिव्याची कडी धरून तो ओढायचा असतो. त्याचा कर्सर कडीवरून गेला. परत आला, परत गेला. त्याने उड्या मारून पाहिल्या, भिंतीला धडका दिल्या, मागे जाऊन दार तपासलं. दिवा त्याला देखावा वाटत होता. अकरा मिनिटांनी तो म्हणाला, ‘बग आहे बहुतेक’ आणि दुसरा गेम लावला. मी तीन वर्षं ती कडी पाहत होतो. ती ओढायची असते हे मला इतकं पाठ होतं, की दुसऱ्या कुणाला ते दिसणार नाही असं मनातही आलं नाही. कर्सर जवळ गेला की कडी उजळेल एवढी दुरुस्ती त्याच दुपारी केली. तोपर्यंत मेल गेले होते. स्टीमवर घेतलेला गेम दोन तासांपेक्षा कमी खेळून चौदा दिवसांत परत करता येतो, तसा कितीतरी जणांनी केला होता.

लाँचच्या दोन वर्षं आधी डेमो ठेवला असता, तर हे पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. म्हणून मार्केटिंगला मी गेम बनवण्याचाच भाग धरतो. दाखवणं आणि तपासणं एकच काम आहे.

दुसरं, पानावरचं कॅप्सूल चित्र, म्हणजे दुकानाच्या यादीत गेमची ओळख म्हणून दिसणारं चित्र. आमचं मीच काढलं होतं: निळाकाळा मनोरा, खाली बारीक अक्षरांत नाव. पडद्यावर मोठं केलं की सुंदर. स्टीमच्या यादीत ते लहानसं दिसतं आणि तिथे तो नुसता काळा डाग होता. तुमचं चित्र लहान करून हातभर लांबून पाहा. नाव वाचता आलं नाही तर बदला.

पैशांचं म्हणाल तर स्टीमची १०० डॉलर फी धरा. गेमची कमाई १००० डॉलरच्या वर गेली की ती परत मिळते. विक्रीतला ३० टक्के वाटा स्टीमचा, तोही हिशेबात घ्या. बाकी जाहिरातींवर पैसे घालू नका. असतील तेवढे चांगल्या चित्रकाराला कॅप्सूलसाठी आणि ट्रेलर कापणाऱ्याला द्या. ट्रेलरमध्ये पहिल्याच सेकंदापासून खेळ दिसू दे, स्टुडिओचं नाव शेवटी.

हे सगळं करूनही गेम पडू शकतो, हे सांगायला हवं. आणि उलटही घडतं: अमंग अस हा गेम २०१८ मध्ये आला आणि गाजला २०२० मध्ये, स्ट्रीमरांनी उचलल्यावर. माझा भागीदार आजही तेच उदाहरण देतो. पण अमंग असच्याही निर्मात्यांनी ती दोन वर्षं गेम लोकांच्या हातात ठेवला होता, पेटीत नाही. शिवाय कथेवर चालणारा, शेवटी मोठं रहस्य उलगडणारा गेम असेल तर किती दाखवायचं याचा विचार वेगळा करावा लागेल. माझा अनुभव कोड्यांच्या गेमचा आहे.

तुमचा सत्तर टक्के झालाय म्हणजे पहिली दहा मिनिटं नक्कीच खेळण्याजोगी असतील. या आठवड्यात ती एका अनोळखी माणसाला खेळायला द्या, मागे उभे राहा आणि तोंडातून अक्षर काढू नका. कर्सर कुठे घुटमळतो ते लिहून घ्या. पान त्यानंतर लगेच टाका. डेमो तयार झाला की मला पाठवा, मी खेळेन आणि कुठे अडकलो ते कळवेन.