हिस्पॅनिक तरुणांसाठीच्या फेलोशिप आणि इंटर्नशिपमधून खरंच नेते घडतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या, मुलामुलींना वॉशिंग्टनला नेऊन खासदारांच्या कार्यालयात काही महिने काम देणाऱ्या संस्था आहेत, त्यातून पुढारी तयार होतात, की बायोडेटात फक्त एक ओळ वाढते? आणि आपल्याकडे असं काही आहे का?

मी मूळची सांगलीची, आता टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत राहते. अकरा वर्षं एका कम्युनिटी कॉलेजात विद्यार्थ्यांना सल्ला देण्याचं काम करते. कुठले विषय घ्यायचे, फीचं कसं जमवायचं, अर्ज कुठे करायचा. आमचे बहुतेक विद्यार्थी मेक्सिकन वंशाच्या घरांतले, आणि घरातून कॉलेजची पायरी चढणारे पहिलेच. त्यांच्यातल्या काहींचे वॉशिंग्टनचे अर्ज माझ्या टेबलावर बसून लिहिले गेलेत. त्यामुळे उत्तर दुरून देत नाही.

नेते घडतात. पण तुमच्या डोळ्यांपुढे हारतुरे घेतलेला जो नेता आला असेल, तो सहसा नव्हे.

आधी एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीची उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी निवड झाली. आई हॉटेलात खोल्या साफ करायची, वडील घरांची छपरं घालायचे. मला वाटलं, पेढे वाटतील. दुसऱ्या दिवशी आई कामाच्या गणवेशातच माझ्या ऑफिसात आली आणि स्पॅनिशमध्ये एकच विचारलं: "ती तिथे झोपणार कुठे?" माझी स्पॅनिश बाजारहाटापुरती, पण हा प्रश्न कळायला भाषा लागत नाही. मी पुण्याला शिकायला निघाले तेव्हा माझ्या आईने हेच विचारलं होतं.

या सगळ्या व्यवहाराची किल्ली त्या प्रश्नात आहे. अमेरिकी संसदेत इंटर्न पूर्वापार होते, पण बहुतेक बिनपगारी. वॉशिंग्टनमधलं भाडं स्वतः भरा, जेवा-खा स्वतःच्या पैशाने, वर सूटबूट घ्या आणि फुकट राबा. ज्याच्या बापाला हे परवडतं तोच तिथे पोचणार, तिथल्या ओळखीवर पुढची नोकरी मिळवणार, आणि दहा वर्षांनी तोच नवे इंटर्न निवडणार. वशिला म्हणायचं नाही, पण झालं तेच. २०१८ साली संसदेने इंटर्नच्या मानधनासाठी वेगळी तरतूद केली: कनिष्ठ सभागृहातल्या प्रत्येक सदस्याला वर्षाला २०,००० डॉलर, सिनेटसाठी एकूण ५० लाख. त्यामागे 'पे अवर इंटर्न्स' या संघटनेचा रेटा होता. ती काढणारा कार्लोस मार्क व्हेरा स्वतः तिथे फुकट राबलेला लॅटिनो (साधारण हिस्पॅनिकच) तरुण. व्हाइट हाउसने तर इंटर्नना पैसे द्यायला २०२२ उजाडू दिलं.

हिस्पॅनिक संस्थांनी हे दुखणं फार आधी ओळखलं होतं. १९७६च्या डिसेंबरात पाच हिस्पॅनिक खासदारांनी मिळून संसदेत आपला गट, म्हणजे काँग्रेशनल हिस्पॅनिक कॉकस, स्थापन केला. त्यात लॉस एंजेलिसचे एडवर्ड रॉयबल होते, न्यूयॉर्कचे हर्मन बडिओ होते आणि आमच्या सॅन अँटोनिओचे हेन्री बी. गोन्झालेस. (त्यांच्या नावाचं भलंमोठं अधिवेशन केंद्र इथे नदीकाठी आहे. आमचा गणपतीतला कार्यक्रम तिथे करायची आमची ऐपत नाही, आम्ही शाळेचा हॉल घेतो.) १९७८ साली या गटाने एक ना-नफा संस्था काढली, तीच आजची काँग्रेशनल हिस्पॅनिक कॉकस इन्स्टिट्यूट. पदवीचं शिक्षण घेणाऱ्यांसाठी इंटर्नशिप, उन्हाळ्यात आठ आठवडे, एरवी बारा. पदवी झालेल्यांसाठी नऊ महिन्यांची फेलोशिप, आणि एमए किंवा कायदा केलेल्यांसाठी त्याहून वरची. इंटर्नना जाण्यायेण्याचं विमानभाडं, राहायची जागा आणि वर मानधन. त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांच्या माहितीपत्रकातच बोट ठेवून दाखवलं. तिने तो परिच्छेद दोनदा वाचून घेतला.

तिथे जाऊन ही मुलं करतात काय? पहिले काही दिवस अगदी हलकी कामं. फोन उचलायचे, टपाल लावायचं, मतदारसंघातून आलेल्या कुटुंबांना कॅपिटॉल, म्हणजे संसदभवन, फिरवून दाखवायचं. एक काम मला फार गमतीचं वाटतं: कॅपिटॉलवर फडकवलेला झेंडा नागरिकांना विकत मागवता येतो आणि त्या मागण्यांचे कागद इंटर्न भरतात. मग हळूहळू समितीच्या सुनावणीला बसून टिपणं काढायची, एखाद्या विधेयकावर दोन पानांचा मजकूर करून द्यायचा. माझ्या विद्यार्थिनीला तिसऱ्या आठवड्यात एक फोन आला. पलीकडे एक आजीबाई, पेन्शन अडकलेली, इंग्रजी येईना. कार्यालयातल्या कोणालाच स्पॅनिश धड येत नव्हती. तिने पाऊण तास त्या आजींचं ऐकून घेतलं, कागद मागवले, प्रकरण मार्गी लावून दिलं. त्यानंतर तिला झेंड्यांच्या कामावर कोणी बसवलं नाही. इतके दिवस घरी आईबापांची पत्रं वाचून दाखवणं हे तिला ओझं वाटायचं. पहिल्यांदा कोणीतरी त्याला कौशल्य म्हटलं.

खासदार भाषण करतो, पण कायद्याचा मसुदा, त्यातली मेख, कोणती तरतूद ठेवायची आणि कोणती गाळायची हे ठरवण्यात त्याच्या कर्मचाऱ्यांचा हात मोठा असतो. २०१५ साली जॉइंट सेंटर या संशोधन संस्थेने सिनेटमधल्या वरिष्ठ कर्मचाऱ्यांची मोजणी केली, तेव्हा सगळे गौरेतर मिळून जेमतेम ७.१ टक्के निघाले. देशाच्या लोकसंख्येत ते ३६ टक्क्यांहून जास्त होते. २०२०च्या जनगणनेत एकट्या हिस्पॅनिकांची संख्या ६ कोटी २१ लाख भरली, म्हणजे दर पाचातला जवळपास एक. फेलोशिपचा खरा डाव ही मधली फळी भरण्याचा आहे. यातून बाहेर पडलेले बरेचसे लोक कधीच निवडणूक लढवत नाहीत. ते कुणाचे तरी विधिमंडळ सहायक होतात, गृहनिर्माण खात्यात जातात, शाळा मंडळाचा हिशेब बघतात. त्यांना 'नेता' म्हणायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मी म्हणते.

आता दुसरी बाजू, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. संस्थांच्या पत्रकांत असं भासवतात की मुलाला वॉशिंग्टनला नेलं की झालं. आमच्या शहराचा इतिहास वेगळं सांगतो. १९७१ साल घ्या. त्या वर्षी सॅन अँटोनिओचा हेन्री सिस्नेरोस, वय चोवीस, व्हाइट हाउस फेलो म्हणून निवडला गेला. ही फेलोशिप राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली. सिस्नेरोस आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याच्या मंत्र्यांच्या हाताखाली वर्षभर शिकला. त्याच वर्षी रोझी कॅस्ट्रो नावाची तरुण कार्यकर्ती आमच्या नगर परिषदेच्या निवडणुकीत उभी राहिली आणि पडली. पडणारच होती, कारण तेव्हा प्रभाग नव्हते. प्रत्येक नगरसेवक अख्ख्या शहराच्या मतांवर निवडून यायचा, आणि शहराच्या पश्चिम भागातल्या मेक्सिकन वस्त्यांची मतं त्यात विरघळून जायची. प्रभागरचनेवरून काय रणकंदन होतं ते महाराष्ट्रातल्या माणसाला सांगायला नको.

पुढे काय झालं? १९७४ मध्ये विली व्हेलास्केझ या कार्यकर्त्याने इथूनच मतदार नोंदणीची मोठी मोहीम उभारली. १९७५ मध्ये मतदान हक्क कायद्याचं संरक्षण टेक्सासच्या स्पॅनिशभाषकांनाही मिळालं. केंद्राच्या न्याय खात्याने शहरावर दबाव आणला आणि १९७७ साली दहा प्रभाग पडले. १९८१ मध्ये सिस्नेरोस महापौर झाला. मेक्सिकन वंशाचा माणूस पुन्हा त्या खुर्चीवर बसायला सुमारे १४० वर्षं लागली होती. पुढे तो क्लिंटन यांच्या मंत्रिमंडळात गृहनिर्माण मंत्री झाला. आणि त्या हरलेल्या रोझी कॅस्ट्रोची जुळी मुलं? हुलियान १९९४ मध्ये व्हाइट हाउसमध्ये इंटर्न होता, २००१ मध्ये सव्विसाव्या वर्षी नगरसेवक, मग महापौर, आणि २०१४ मध्ये ओबामांचा गृहनिर्माण मंत्री. भाऊ वाकीन २०१३ पासून खासदार.

फेलोशिपवाले सिस्नेरोसचं आणि हुलियानचं नाव घेतात, ते बरोबरच आहे. पण प्रभाग पडले नसते तर हुलियान कोणत्या प्रभागातून उभा राहिला असता? घरोघर फिरून मतदार नोंदवणाऱ्या आणि हरण्यासाठी उभ्या राहणाऱ्या माणसांना कोणी फेलोशिप दिली नव्हती.

आणखी खटकणाऱ्या गोष्टी आहेत. जागा फार थोड्या, त्यामुळे निवडली जाणारी मुलं आधीच चुणचुणीत असतात; ती पुढे गेली याचं श्रेय नेमकं किती द्यायचं? पैसा मोठ्या कंपन्यांकडून येतो, सप्टेंबरातल्या झगमगत्या मेजवानीत त्यांची टेबलं पुढे असतात. माझ्या एका विद्यार्थ्याने परत आल्यावर सांगितलं की कोणत्या प्रश्नावर कोण गप्प बसतं हे तो तिथे शिकला. हेही शिक्षणच म्हणा. राजकीय फूटही आहे: २००३ मध्ये रिपब्लिकन हिस्पॅनिक खासदारांच्या पुढाकाराने काँग्रेशनल हिस्पॅनिक लीडरशिप इन्स्टिट्यूट ही निराळी संस्था निघाली, तिच्याही इंटर्नशिप आहेत. पक्ष बघू नका, दोन्हीकडे अर्ज करा, असं मी मुलांना सांगते. आमच्याच शहरात मुख्यालय असलेल्या हाकू या विद्यापीठांच्या संघटनेमार्फत केंद्राच्या खात्यांतही इंटर्नशिप मिळतात; भाषण करायला लाजणाऱ्या मुलांना मी तिकडे वळवते.

हे आरक्षण आहे का, असं भारतातून हमखास विचारतात. नाही. सरकारी जागा राखून ठेवलेल्या नाहीत, खाजगी संस्थेने उचललेला खर्च आहे. तरी कोर्टबाजी होतेच. २०२४ मध्ये स्मिथसोनियनच्या लॅटिनो संग्रहालयाच्या इंटर्नशिपवर भेदभावाचा दावा लागला, आणि सर्व वंशांच्या अर्जदारांना समान वागवू असं संग्रहालयाने लिहून दिल्यावर तो मिटला. आणखी एक विचित्र गाठ: लहानपणी आईबापांबरोबर कागदपत्रांशिवाय आलेल्या आणि २०१२च्या 'डाका' योजनेखाली काम करण्याची मुभा मिळालेल्या मुलांना संसद स्वतः पगारी नोकरीत घेऊ शकत नाही, अर्थसंकल्पातल्या एका कलमामुळे. बाहेरच्या संस्थेने मानधन दिलं तर मात्र तेच मूल त्याच कार्यालयात बसू शकतं. ज्या सभागृहात यांच्या भवितव्याचं विधेयक वर्षानुवर्षं पडून आहे, तिथेच ती मुलं इतरांच्या विधेयकांची टिपणं काढतात.

आपल्याकडे दिल्लीत पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची 'लॅम्प' फेलोशिप आहे: पंचवीस वर्षांपर्यंतचा कोणत्याही शाखेचा पदवीधर एका खासदाराबरोबर पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत काम करतो. महाराष्ट्रात २०१५ पासून मुख्यमंत्री फेलोशिप आली. दोन्ही चांगल्या, पण दोन्ही सगळ्यांसाठी खुल्या. एखाद्या मागे राहिलेल्या समाजाने आपल्या पोरांची राहण्या-खाण्याची सोय करून त्यांना सत्तेच्या कार्यालयात नेऊन बसवायचं, हा भाग त्यात नाही. पूर्वी शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातवार वसतिगृहं काढली, त्यामागचा विचार मला याच्या जवळचा वाटतो. पोराच्या डोक्यावर छप्पर आधी, बाकीचं मग.

तुम्ही लॅम्पला अर्ज करणार असाल तर एक सांगते. माझ्या त्या विद्यार्थिनीने निबंधाचा पहिला मसुदा आणला, त्याची सुरुवात होती: "मला लहानपणापासून लोकांची सेवा करण्याची आवड आहे." मी खोडलं. दुसऱ्या मसुद्यात तेच वाक्य खाली सरकलं होतं, तिसऱ्यात शेवटी. चौथ्या वेळी ती वैतागून म्हणाली, मग लिहू तरी काय? मी म्हटलं, आईबरोबर बसथांब्यावर किती वेळ उभी राहतेस ते लिही. तिने लिहिलं: पहाटे पावणेपाचची बस, थांब्यावर दिवा नाही, आई मोबाइलचा उजेड दाखवून बस थांबवते, आणि तो दिवा लावायचं काम नेमकं कोणाचं हे शोधायला तिला तीन कार्यालयं फिरावी लागली. निवड त्या निबंधावर झाली. दिवा अजून लागलेला नाही. आता ती एका नगरसेवकाच्या कार्यालयात आहे आणि त्या फायलीवर तिचंच नाव आहे.