कल्पनारम्य कादंबरीसाठी जुने, वापरातून गेलेले मराठी शब्द कुठे शोधावेत?

तुमच्या कादंबरीतलं राज्य काल्पनिक आहे, पात्रांच्या तोंडी आजची भाषा खटकते, म्हणून जुने शब्द कुठे मिळतील असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, शब्दांच्या आधी कामं शोधा. निरोप कोण नेतं, घोडे कुठे बांधतात, शस्त्रं कुठे ठेवतात हे ठरलं की जासूद, पागा, शिलेखाना हे शब्द आपणहून समोर येतात.

मी सतत दोन कोश उघडे ठेवतो: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश'. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. मोल्सवर्थमध्ये उलटा शोध घ्या. घोड्याचा इंग्रजी शब्द टाकून पूर्ण नोंदींत शोधलं, की तुम्हाला ठाऊकही नसलेले मराठी शब्द बाहेर पडतात. दाते-कर्व्यांत अर्थापुढे बऱ्याचदा उतारा असतो, 'ज्ञा' म्हणजे ज्ञानेश्वरी, 'एभा' म्हणजे एकनाथी भागवत. तो उतारा वाचल्याशिवाय शब्द उचलू नका. माझ्या पहिल्या मसुद्यात एक शिपाई 'हें वोखटें जालें' (हे वाईट झालं) म्हणायचा आणि लगेच 'हुजूर' म्हणून मुजरा करायचा. एक बोली १२९०च्या ज्ञानेश्वरीतली, दुसरी कित्येक शतकांनंतरच्या दरबारातली. वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण कानाला ते लागतंच. ते सगळं प्रकरण मी पुन्हा लिहिलं.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रचलेला 'राज्यव्यवहारकोश' तर तुमच्यासाठी खजिनाच आहे. दरबारातल्या फारसी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिलेत. सरनोबत आणि सेनापती, मुजुमदार आणि अमात्य (हिशेब पाहणारा), डबीर आणि सुमंत (परराज्यांशी व्यवहार पाहणारा), अशा जोड्या जमवा. तुमच्या एका राज्यात सरनोबत असू दे, शेजारच्यात सेनापती. दोन्हीकडचं पद तेच, पण नुसत्या नावावरून वाचकाला सीमा ओलांडल्याचं कळेल.

आणखी एक जोडी मला फार आवडते. बारगीर सरकारी घोड्यावर बसतो, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला येतो. लढाईत घोडा पडला तर बारगिराला दुसरा मिळण्याची आशा तरी असते. शिलेदाराची मात्र पुंजीच गेली. एवढ्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहतं! जुन्या शब्दाच्या पोटात अशी व्यवस्था असते, म्हणून तो नुसता सजावटीला वापरला की वाईट वाटतं.

तळटीप देऊ नका. 'दोघे खलबतखान्यात गेले आणि दार आतून लावून घेतलं' एवढं पुरतं, कारण 'खलबतं' आपण आजही म्हणतो.

बखरी वाचायच्या असतील तर कृष्णाजी अनंत सभासदाची, शिवाजी महाराजांवरची बखर आधी घ्या, आणि मोठ्याने वाचा. आखूड, धावत्या वाक्यांची ती चाल कानात बसली, की जुने शब्द फार लागतही नाहीत.