शंका-समाधान : ‘उकल नाही’ हे उत्तर ग्राह्य धरावे का?

प्रश्न : माझ्या दहावीतल्या मुलीला सराव परीक्षेत पुढील शाब्दिक उदाहरण आले होते : ‘3 वह्या व 2 पेन यांची किंमत 85 रुपये आणि त्याच दराने 6 वह्या व 4 पेन यांची किंमत 180 रुपये आहे, तर एका वहीची व एका पेनाची किंमत काढा.’ तिने फक्त ‘उकल नाही’ असे लिहिले आणि तिला शून्य गुण मिळाले. तिचे काय चुकले?
– एक पालक, सातारा

उत्तर : तुमच्या मुलीचे उत्तर बरोबर आहे, मात्र ते कशावरून, हे तिने लिहायला हवे होते. वहीची किंमत क्ष आणि पेनाची य मानली, तर 3क्ष + 2य = 85 या समीकरणाला 2 ने गुणून 6क्ष + 4य = 170 मिळते आणि दुसरी अट तीच बेरीज 180 असल्याचे सांगते. एकच बेरीज 170 आणि 180 दोन्ही असणे अशक्य असल्यामुळे अपूर्णांकांत किंवा ऋण संख्यांत शोधूनही उकल सापडणार नाही. एवढे लिहिले असते तर पूर्ण गुण द्यावेच लागले असते, आणि तसे लिहिले नाही म्हणून शून्य देणे हेही मला अन्यायाचे वाटते.

निश्चयकाच्या पद्धतीत (सहगुणकांच्या तिरप्या गुणाकारांची वजाबाकी म्हणजे निश्चयक; अशा दोन निश्चयकांच्या भागाकाराने उकल मिळते) मुले इथे हमखास चुकतात. छेदातील निश्चयक 3×4 − 2×6 = 0 आला, की ती ‘उकल नाही’ लिहून मोकळी होतात. पण 180 च्या जागी 170 असते तरी तो शून्यच आला असता, आणि तेव्हा उकली अनंत असत्या. म्हणून क्षच्या सहगुणकांच्या जागी 85 व 180 घेऊन क्षचा (अंशातील) निश्चयकही काढावा; तो येथे 85×4 − 2×180 = −20, म्हणजे शून्येतर येतो आणि त्यावरूनच निर्णय होतो.

याहून फसवी उदाहरणेही असतात. ‘5 व 10 रुपयांची मिळून 20 नाणी, एकूण रक्कम 137 रुपये’ यातली समीकरणे विनासायास सुटतात, पण 10 रुपयांची नाणी 7.4 येतात! समीकरणाला उकल आहे, उदाहरणाला नाही. कारण 5 च्या पटींची बेरीज 137 होत नाही. इ.स. 1150 च्या सुमारास भास्कराचार्यांनी ‘लीलावती’तील कुट्टक (पूर्णांकांत उकल काढण्याची रीत) प्रकरणात हाच निकष दिला आहे : भाज्य व हार (अज्ञात संख्यांचे सहगुणक; येथे 5 व 10) यांना ज्या संख्येने भाग जातो, तिने क्षेपाला (उरलेल्या स्थिर संख्येला; येथे 137) जात नसेल, तर ते ‘दुष्टम् उद्दिष्टम्’, म्हणजे विचारलेले उदाहरणच सदोष आहे.