एन्बेसा, जनावर आणि गुलबास

प्रश्न आला आहे तो असा: 'ॲनो १८००' या शहरं वसवण्याच्या संगणकीय खेळात एन्बेसा नावाचा आफ्रिकी धर्तीचा कोरडा प्रदेश आहे. तिथं नदीही वाहते. मग मराठीत त्याला 'वाळवंट' म्हणावं की 'मरुभूमी'? आणि एन्बेसा या नावाला 'आफ्रिकन भाषेत' काय अर्थ आहे?

वाळवंटाचं आधी उरकतो. खुशाल लिहा. नदी आहे म्हणून वाळवंट चालत नाही, हा आक्षेप मराठी माणसानं घ्यावा याचं नवल वाटतं. मराठीत वाळवंट मुळात नदीचंच. चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तन रंगतं ते पाण्याच्या काठावर. सहारा आणि थर यांना तो शब्द आपण मागाहून लावला. एन्बेसात तर नदीचं पाणी पंपानं उचलून पाटांनी फिरवायचं असतं, आणि पाट पोचेल तिथवरच टेफ नावाचं बारीक धान्य, जवस वगैरे पिकतं. म्हणजे शब्दाचे दोन्ही अर्थ तिथं शेजारी शेजारी नांदतात. 'मरुभूमी' हा संस्कृत शब्दही चांगला आहे, पण तोच तेवढा शुद्ध असं बजावणाऱ्यांनी एकदा पंढरपूरला जाऊन यावं.

आता 'आफ्रिकन भाषा'. हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकतो की कान किटले. त्या खंडात दोन हजारांच्या आसपास भाषा आहेत. 'पाण्याला युरोपियन भाषेत काय म्हणतात' असं कुणी विचारत नाही, मग इथंच का? एन्बेसा हे नाव इथिओपियातलं आहे. अम्हारी भाषेत सिंहाला 'अनबेसा' म्हणतात, आणि खेळ करणाऱ्यांनी त्यातला पहिला स्वर किंचित फिरवून नाव बेतलं. खेळ जर्मनीतल्या माइन्झच्या स्टुडिओत तयार झाला आणि २०२० साली हा प्रदेश खेळाच्या ज्या पुरवणीतून त्यात आला, तिचं नावच मुळी 'सिंहांची भूमी'. इथिओपियाच्या सम्राटांच्या बिरुदातही हाच शब्द होता: 'मोआ अनबेसा', विजयी सिंह, यहुदाच्या वंशाचा. १९३० ते १९७४ राज्य करणारे हैले सेलासी याच बिरुदाचे. खरा इथिओपिया बराचसा डोंगराळ आणि पावसाचा आहे, खेळात तो कोरड्या बेटांचा झाला, ते असो. खेळातल्या सम्राटाचं 'केतेमा' हे नाव मात्र कुणीतरी विचार करून ठेवलेलं दिसतं. केतेमा म्हणजे अम्हारीत शहर, आणि त्याआधी लष्कराचा तळ. फिरत्या राजाची छावणी जिथं स्थिरावली तिथं गाव वसलं. शहरं वसवण्याच्या खेळात याहून नेमकं नाव कुठलं मिळणार!

पण खरी गंमत सिंहाच्या शब्दात आहे. अम्हारीच्या आधीची तिथली ग्रंथभाषा गीझ. तिच्यात हा शब्द 'अनबसा', आणि त्याच्या आरंभी घशातून निघणारा ऐन हा वर्ण आहे. अम्हारीनं तो ऐन गिळला, शेजारच्या तिग्रीन्या भाषेनं जपला. गीझची नातलग असलेल्या अरबीतही ऐननंच सुरू होणारा 'अनबस' सिंहासाठी आहे, आणि त्याच्या शेजारी 'अब्बास': कपाळाला आठ्या घालणारा, रागीट मुद्रेचा, म्हणून सिंह. कुराणाच्या ८०व्या अध्यायाचं नाव 'अबस', म्हणजे 'त्यानं कपाळाला आठ्या घातल्या'. धातू तोच.

यावर कोशकार 'गीझ शब्द, अरबीशी ताडून पाहा' एवढं लिहून मोकळे होतात. मला ते पटत नाही. सिंहाला रागीट चेहऱ्याचा म्हणायची पाळी का आली, हे विचारायला नको? याच भाषाकुळातल्या हिब्रूत सिंह म्हणजे 'अऱ्ये'. त्याचा गीझमधला सख्खा भाऊ 'अरवे', पण त्याचा अर्थ नुसता पशू, श्वापद. आणि सापसुद्धा! इथिओपियाच्या दंतकथेत पहिला राजा म्हणून जो प्रचंड सर्प येतो, त्याचं नाव अरवेच. आता आपल्या गावाकडं या. रात्री साप निघाला तर म्हातारी माणसं 'साप' म्हणत नाहीत. 'जनावर निघालं' म्हणतात, नाहीतर 'लांबडं'. ज्याची भीती असते त्याचं नाव घ्यायचं नाही. संस्कृतात 'मृग' म्हणजे कुठलाही रानपशू होता, म्हणून तर सिंह मृगराज. पुढे तोच शब्द हरणापुरता उरला. शब्द असे पशूकडून एका जनावराकडे आणि एका जनावराकडून पशूकडे सरकत राहतात.

माझं म्हणणं असं: गीझ बोलणाऱ्यांच्या पूर्वजांनी सिंहाचं जुनं नाव उच्चारणं टाळलं, ते नाव पातळ होत होत 'जनावर' झालं, आणि रिकाम्या जागी 'आठ्यावाला' हे टोपणनाव येऊन बसलं. अब्बासमधल्या जोड ब-चा पहिला ब न झाला की अनबस तयार. जुळ्या व्यंजनातलं एक अनुनासिक होणं या भाषांमध्ये नवं नाही. हे माझं मत आहे, कोशात सापडणार नाही. पण 'ताडून पाहा' म्हणून हात झटकणाऱ्यांपेक्षा ते बरंच जास्त सांगतं.

आणि हा अब्बास आपल्या परसात आहे! संध्याकाळी फुलणारा गुलबास म्हणजे गुल-ए-अब्बास, अब्बासचं फूल. झाड अमेरिकेतलं, 'गुल' फारसी, 'अब्बास' अरबी, आणि उच्चार आपला. अम्हारीसारखाच आपणही ऐन गिळला, वर आरंभीचा 'अ' 'गुल'मध्ये जिरवून टाकला. त्याचंच गुलबक्षी झालं आणि साड्यांच्या रंगाला ते नाव मिळालं. 'गुल' आणि 'बक्षी' अशी फोड करून त्यात बक्षीस शोधणारे लोक आहेत. त्यांनी गुलबास हे रूप आधी समजावून द्यावं, मग बक्षिसाचं बोलावं. हिंदीत तर 'गुल-अब्बास' हे नाव आजही ठसठशीत ऐकू येतं.

मराठीत 'एन्बेसा' तसंच ठेवा, 'सिंहभूमी' करू नका. जवळजवळ त्याच नावाचा, सिंहभूम, झारखंडात खरा प्रदेश आहे. आणि 'एन बेसा' असं तोडून वाचू नका, सिंहाचे दोन तुकडे होतात.