लुकबानला जा, आणि १४ मेलाच पोहोचा

तुम्ही विचारलंय: "मे महिन्यात ऑफिसच्या कामासाठी मनिलाला जातोय. मध्ये दोन-तीन दिवस सुट्टी मिळेल. समुद्रकिनारे नकोत. जिथल्या चालीरीती लोक अजून मनापासून पाळतात असं एखादं गाव सुचवाल का?"

फिलिपिन्सच्या क्वेझोन प्रांतातलं लुकबान. दुसरं नाव माझ्या मनात येतच नाही. माझे यजमान लॉस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत नोकरीला होते, म्हणून आम्ही काही वर्षं तिकडे राहिलो. तिथून पाग्सान्हान, काविंती, लुइसियाना असं चढत गेलं की बनाहाव डोंगराच्या पायथ्याशी हे गाव लागतं. हवा गार आणि पावसाचा नेम नाही, छत्री असू द्या. मनिलाहून जाणार असाल तर लुसेनाची बस पकडा आणि तिथून जीपनीने (तिकडची जीपसारखी छोटी बस) वर या.

१५ मे हा सान इसिद्रोचा सण. तो बाराव्या शतकातला माद्रिदचा शेतमजूर, शेतकऱ्यांचा संत. तो प्रार्थनेला बसला की देवदूत त्याचं शेत नांगरायचे, अशी कथा आहे. लुकबानचे शेतकरी पूर्वी आपापलं पीक आशीर्वादासाठी चर्चमध्ये घेऊन जायचे. पुढे तिथे जागा पुरेना, तेव्हा ज्याने त्याने पीक आपल्या दाराशीच मांडायचं आणि संताची मिरवणूक दारावरून जायची, असं ठरलं. तोच हा 'पाहियास'. गोव्यात कोणसाच्या फेस्ताला नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात, वसई-मुंबईकडचे ईस्ट इंडियन लोक आगेरा हा सुगीचा सण करतात, तीच ही भावना. फक्त इथे अख्खी घरंच्या घरं पिकाने मढवलेली असतात: भाताच्या लोंब्या, मिरच्या, वांगी, केळीचे घड, नारळ, बुरी माडाच्या पानांच्या टोप्या. टोप्या विणणं हा इथला जुना धंदा. ज्याचा जो व्यवसाय, ते त्याच्या भिंतीवर.

मिरवणुकीचा मार्ग दरवर्षी बदलतो, आणि मला या गावाची सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही. एकाच मोठ्या रस्त्याचं कौतुक होत नाही, आळीपाळीने प्रत्येक गल्लीची वेळ येते. आपल्या दारावरून यंदा संत जाणार म्हटलं की घरातली परगावी, परदेशी गेलेली माणसंही यायची धडपड करतात. सजावटीच्या स्पर्धा आणि बक्षिसं आता आहेत, पर्यटकही लोटतात. पण बक्षीस नसतं तरी या लोकांनी घर सजवलंच असतं, हे तिथे चार माणसांशी बोललात की कळेल.

आता 'किपिंग'. घरांच्या दर्शनी भागावर रंगीत पानांची झुंबरं लटकलेली दिसतात, त्यांना 'अरांग्या' म्हणतात. ती पानं म्हणजे तांदळाच्या पापड्या, त्यांनाच 'किपिंग' म्हणतात. आपल्या सालपापड्या ज्यांनी घरी केल्यात त्यांना सांगायलाच नको: तांदूळ भिजवून वाटायचे, रंग घालायचा, पीठ खऱ्याखुऱ्या पानावर पसरायचं, वाफवायचं, गार झालं की सोलायचं. पान बहुधा 'काबाल' नावाच्या झाडाचं घेतात, कॉफीचंही चालतं. आम्ही एका घरी हे बघत बसलो होतो. आजीबाई (तिकडे आजीला 'लोला' म्हणतात) देठाकडून नखाने कड सोडवायच्या आणि एका दमात अख्खी पापडी ओढून घ्यायच्या. ती उजेडात धरली की पानाची शीर न् शीर तिच्यावर उमटलेली. मी ओढल्या त्या मधेच फाटायच्या. लोला फाटलेल्या तुकड्यांची वेगळी पाटी भरत होत्या, तळून खायला. सोललेल्या पापड्या वजनाखाली ठेवून सपाट करतात. पावसाचा एक सपकारा आला तर सगळी मेहनत मऊ पडते, म्हणून झुंबरं अगदी शेवटी टांगतात. तुम्ही आदल्या दिवशी पोहोचा म्हणते ते यासाठीच. १४ तारखेच्या संध्याकाळी घराघरांत हीच लगबग असते आणि लोक आनंदाने आत बोलावतात.

खायला 'पान्सित हाबहाब': केळीच्या पानावर नूडल्स, वर व्हिनेगर, आणि काटा-चमचा न घेता पान उचलून थेट तोंडाला लावायचं. लसूण आणि ओरेगानो घातलेलं लुकबानचं लोंगानिसा (सॉसेज) प्रसिद्ध आहे, पण ते डुकराच्या मांसाचं असतं. पान्सितमध्येही मांस असतं. शाकाहारी असाल तर नारळाच्या दुधात शिजवलेल्या चिकट तांदळाचा 'सुमान' खा. आंब्याचेही दिवस असतात.

एक गोष्ट मात्र चुकवू नका. याच गावात १८१४ साली आपोलिनारियो दे ला क्रूझ, म्हणजे एर्मानो पुले, जन्मला. मनिलाला जाऊन धर्मसंघात शिरायचा त्याने प्रयत्न केला, पण तो 'इंडिओ', म्हणजे स्थानिक रक्ताचा, म्हणून त्याला घेतलं नाही. मग १८३२ मध्ये त्याने आपल्या लोकांची स्वतंत्र भक्तमंडळी काढली, 'कोफ्रादिया दे सान होसे'. स्पॅनिश सत्तेला यात बंड दिसलं. १८४१ मध्ये फौज चालून आली, त्याच्या अनुयायांची कत्तल झाली आणि नोव्हेंबरमध्ये त्याला तायाबासला मृत्युदंड देऊन त्याच्या देहाचे तुकडे केले. तेव्हा तो जेमतेम २७ वर्षांचा होता. संत स्पेनमधून आला म्हणून ही भक्ती लादलेली आहे, असं म्हणणारे लोक भेटतात. मला ते पटत नाही. ज्या गावच्या माणसांनी प्रार्थनेचा हक्क मिळावा म्हणून जीव दिला, त्यांचा देव त्यांचा स्वतःचाच आहे.

राहायची सोय आधीच करा, सणाच्या दिवसांत खोल्या लवकर भरतात. १५ तारखेला सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत, मिरवणुकीच्या मार्गावरून एक फेरी मारा. सवड मिळाली तर शेजारच्या तायाबासलाही जाऊन या. तिथेही सान इसिद्रोची मिरवणूक असते आणि घरांच्या खिडक्यांतून लोकांवर सुमानची अक्षरशः बरसात करतात. खांद्याला पिशवी असू द्या, झेललेले सुमान न्यायला लागेल.