संशोधनासाठी निधी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. ‘पैसे कोण देतं?’ हे जवळजवळ सगळ्यांनीच विचारलं आहे. ‘माझ्या महाविद्यालयाला ते पैसे घेता येतात का?’ हे मात्र एकाच पत्रात होतं. सरकारी अनुदानाची मंजुरी प्रमुख संशोधकाच्या नावे निघते, पण रक्कम संस्थेकडे येते आणि हिशेबही संस्थेलाच द्यावा लागतो. उत्तरं वाचताना हे लक्षात असू द्या.

प्रश्न : मी ठाण्याच्या एका अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. वागळे इस्टेटमधले कारखाने बंद झाल्यावर तिथल्या महिला कामगारांचं काय झालं, यावर काम करायचं आहे. वरिष्ठ म्हणतात, ‘यूजीसीचा मायनर टाक.’ पण संकेतस्थळावर तशी योजनाच दिसत नाही. सुरुवात कुठून करू?

दिसणार नाहीच. बारावी पंचवार्षिक योजना २०१७ मध्ये संपली आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, ‘मायनर’ म्हणजे लघु संशोधन प्रकल्पांच्या योजनेतून नवे प्रकल्प मिळणं थांबलं. वरिष्ठांचा अनुभव खरा आहे, पण तो त्या काळातला.

आज तुमच्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे मुंबई विद्यापीठाचं लघु संशोधन अनुदान. त्याचं परिपत्रक प्राचार्यांच्या ईमेलवर येतं आणि पुष्कळदा तिथेच राहतं. त्यामुळे संशोधन समितीच्या समन्वयकांना आणि कार्यालयाला आधीच सांगून ठेवा आणि विद्यापीठाचं परिपत्रकांचं पान स्वतःही पाहत जा. रक्कम लहान असते. तरीही पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याने ही वाट सोडू नये असं आम्हाला ठामपणे वाटतं. खर्चाच्या पावत्या, उपयोगिता प्रमाणपत्र, अंतिम अहवाल हे सगळं एकदा हातून गेलं की मोठ्या अर्जात ‘यापूर्वी पूर्ण केलेले प्रकल्प’ हा रकाना कोरा राहत नाही.

दुसरी वाट म्हणजे १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर. तिचं पश्चिम विभागीय केंद्र कलिन्याला विद्यानगरीतच आहे. लघु आणि बृहत् अशा दोन्ही प्रकल्पांचे अर्ज दिल्लीच्या कार्यालयाकडे ऑनलाइन जातात. परिषदेचा आधीचा प्रकल्प अर्धवट राहिला असेल तर नवा मिळत नाही, म्हणून सहसंशोधक निवडताना त्यांच्या नावावर जुनं काही थकलेलं नाही ना, हे विचारून घ्या.

आता विषयाकडे. तुम्ही लिहिलंय ते क्षेत्र झालं, प्रश्न अजून झालेला नाही. परीक्षक सगळ्यात आधी विचारतील की या बायका सापडणार कशा? बंद कारखान्याचं हजेरीपुस्तक मिळेल याची खात्री नाही. मग लोकमान्यनगर, सावरकरनगर, इंदिरानगर अशा वस्त्यांतून एकीकडून दुसरीचा पत्ता घेत जावं लागेल. ही पद्धत चालते, पण ती का निवडली आणि तिने नमुना कुठे एकांगी होऊ शकतो, हे अर्जातच लिहा. खर्चाचा हिशेबही इथूनच निघतो. ३०० मुलाखती घ्यायच्या आहेत आणि बायका संध्याकाळी किंवा रविवारीच मोकळ्या असतील, तर एका सर्वेक्षकाच्या दिवसाला चारच्या वर मुलाखती होणार नाहीत. म्हणजे ७५ मनुष्यदिवस. ‘सर्वेक्षण खर्च : एकरकमी’ असं लिहिलेल्या अंदाजपत्रकाला कात्री लागते. ७५ दिवसांचा हिशेब मांडलेला असेल तर कात्री लावणाऱ्यालाही कारण द्यावं लागतं.

प्रश्न : वाशीच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. ठाणे खाडीच्या गाळातले जड धातू सहन करणारे जिवाणू हा विषय आहे. आमच्याकडे मोठी उपकरणं नाहीत. केंद्राचं अनुदान मिळेल का?

मिळू शकतं, पण ‘उपकरणं घेऊन द्या’ असा अर्ज करू नका. पूर्वीचं सर्ब, म्हणजे केंद्राचं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये, एएनआरएफमध्ये, सामावलं आहे. त्याचा कायदा २०२३ चा. सर्बच्या काळापासूनची ‘टेअर’ ही योजना तुमच्यासारख्या कायम शिक्षकांसाठीच आखलेली आहे. नोकरी आपल्याच महाविद्यालयात राहते आणि वर्षातले किमान ९० दिवस आयआयटी किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेसारख्या यजमान संस्थेत काम करायचं असतं. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं विभागीय केंद्र अंधेरीला आहे आणि किनारी पाण्याचा अभ्यास हे तिचं नेहमीचं काम आहे. तिथल्या शास्त्रज्ञाला दोन पानांचा आराखडा पाठवा. संमतिपत्र शेवटच्या आठवड्यात मागू नका, कारण त्यांनाही संचालकांची सही घ्यावी लागते. इकडे ९० दिवसांच्या रजेचं पत्र प्राचार्य आणि संस्थाचालक देतील का, हे त्याआधी विचारा. तयार अर्ज या एका पत्रासाठी अडकून पडतात. वयोमर्यादा आणि मुदत अर्ज मागवणाऱ्या चालू जाहिरातीत पाहा.

दुसरा पर्याय तुमच्या समोरच्या तीरावर आहे. अणुऊर्जा विभागाचं बीआरएनएस मंडळ बाहेरच्या संस्थांना प्रकल्प देतं, मात्र त्यात विभागाच्या एखाद्या संस्थेतला, उदाहरणार्थ ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातला, सहयोगी शास्त्रज्ञ लागतो. धातू शोषणाऱ्या जिवाणूंचा विषय त्यांच्या कामाशी जुळू शकतो. राज्य पातळीवर राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगही आहे. तिथे स्थानिक उपयोग दाखवावा लागतो, आणि तो तुम्हाला सहज दाखवता येईल.

परवानगीचं काम आजच सुरू करा. खाडीचा पश्चिम काठ २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही. अभयारण्याच्या हद्दीतून गाळ घ्यायचा तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मुख्य वन्यजीव संरक्षकांची परवानगी लागते. वन विभागाच्या कांदळवन कक्षाशी आधी बोला. हद्दीतली आणि हद्दीबाहेरची ठिकाणं नकाशावर वेगळी दाखवा, म्हणजे परवानगी लांबली तरी अर्धं काम थांबत नाही.

नमुन्यांची संख्या आधी ठरवा, मग पैसे. सहा ठिकाणं, तीन ऋतू आणि प्रत्येक वेळी तीन नमुने घेतले तर वर्षाला ५४ होतात, दोन वर्षांत १०८. होडीचं भाडं, बर्फपेट्या, रसायनं, बाहेरून करून घ्यायच्या डीएनए चाचण्या, सगळं या १०८ वर बसवा. आणि वेळापत्रकात ‘जून’, ‘जुलै’ लिहू नका, ‘महिना १’, ‘महिना २’ लिहा. मंजुरी कधी येईल हे आपल्या हातात नसतं. ती ऑक्टोबरात आली तर पहिला पावसाळा गेलेला असतो. दोन पावसाळे हवेतच असतील, तर तीन वर्षांचा प्रकल्प मागा आणि तो का, हे एका वाक्यात सांगा.

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आहे. ‘अंदाजपत्रक अवास्तव’ असा शेरा मिळाला. रक्कम तर मी कमीच ठेवली होती.

कमी रक्कमही अवास्तवच असते. मनुष्यबळाचं उदाहरण घ्या. जेआरएफचा (कनिष्ठ संशोधन अधिछात्राचा) दर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे आणि एसआरएफचा (वरिष्ठ अधिछात्राचा) ४२,०००. तीन वर्षांच्या प्रकल्पात पहिली दोन वर्षं ८,८८,००० आणि तिसरं वर्ष ५,०४,०००, असे १३,९२,००० होतात. पुष्कळ अर्ज इथेच थांबतात. त्यावर घरभाडे भत्ता असतो. ठाणे आणि नवी मुंबई बृहन्मुंबई नागरी समूहात येतात, म्हणून वरचा दर लागतो. तो ३० टक्के धरला तर आणखी ४,१७,६०० आणि एकूण १८,०९,६००. नेट किंवा गेट नसलेला उमेदवार घेणार असाल तर पद ‘प्रोजेक्ट असोसिएट’ असं लिहा. त्याचा दर वेगळा आहे.

दुसरी चूक उपकरणात होते. सार्वजनिक निधीवरच्या संशोधन संस्थांना मिळणारी पाच टक्के जीएसटीची सवलत १८ जुलै २०२२ पासून गेली. आठ लाखांचं उपकरण १८ टक्क्यांनी ९,४४,००० ला पडतं. जुन्या अर्जाचा पाच टक्क्यांचा तक्ता उतरवला की १,०४,००० ची तूट तिथेच पडते. कोटेशनमध्ये बसवणी, यूपीएस आणि वॉरंटी संपल्यावरची देखभाल आहे का, पाहा. कोटेशनची मुदत महिन्यांची असते आणि मंजुरीला त्याहून जास्त वेळ लागतो. आयात वस्तू असेल तर चलनाचा दरही हलतो, म्हणून थोडी वाढ धरा आणि ती कशासाठी ते लिहा.

फर्निचर, एसी, खोलीची डागडुजी संशोधन अनुदानात सहसा बसत नाही. ती महाविद्यालय करून देईल असं पत्र जोडा. संस्था काही घालते आहे हे परीक्षकाला दिसतं.

प्रश्न : ऐरोलीत एका ट्रस्टच्या महाविद्यालयात कार्यालयीन अधीक्षक आहे. आमच्या मॅडमचा प्रकल्प मंजूर झालाय, पण पैसे जमा होत नाहीत. आम्ही काय करायचं?

हे एकमेव पत्र कार्यालयाकडून आलं, त्याबद्दल आभार. खरं तर मोठा भाग तुमच्याच टेबलावर असतो.

आधी नावं जुळवा. पॅन ट्रस्टच्या नावावर, बँक खातं महाविद्यालयाच्या नावावर आणि पीएफएमएसवरची, म्हणजे सरकारी निधी वाटणाऱ्या ऑनलाइन प्रणालीवरची, नोंदणी तिसऱ्याच स्पेलिंगने, हे अगदी नेहमीचं दुखणं आहे. मंजुरीपत्र, खातं आणि पीएफएमएस या तिन्ही ठिकाणी नाव एकच हवं. खासगी ट्रस्टला नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणी पोर्टलचा क्रमांकही लागतो. त्यासाठी विश्वस्तांची कागदपत्रं मागवावी लागतात, आणि वेळ जातो तो तिथे. प्रकल्पासाठी वेगळं खातं ठेवा. काही योजनांत शून्य शिलकीचं खातं लागतं. त्यात पैसे येत नाहीत, खर्चाची मर्यादा मिळते. ती ३१ मार्चपर्यंत वापरली नाही तर निघून जाते. त्यामुळे खरेदीची ऑर्डर फेब्रुवारीत काढू नका. माल येऊन, बसून, बिल मंजूर होऊन पैसे त्याआधी जायला हवेत.

उपयोगिता प्रमाणपत्र जीएफआर २०१७ (केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम) मधल्या १२-अ या नमुन्यातच द्या. ऑर्डर दिली पण पैसे दिले नाहीत, तो झालेला खर्च नव्हे. तो वेगळा दाखवा. पुरवठादाराला दिलेली आगाऊ रक्कमही खर्चात मिसळू नका. खात्यावरचं व्याज आपलं नसतं, ते भारतकोष पोर्टलवरून परत करावं लागतं. हे प्रमाणपत्र गेलं नाही तर पुढचा हप्ता येत नाही आणि मॅडमच्या हाताखालच्या सहायकाचा पगार थांबतो. तो सहायक बहुधा आपलाच माजी विद्यार्थी असतो, घरून पैसे मागणं त्याला परवडत नाही. म्हणून वर्ष संपताच लेखापरीक्षकाची वेळ घ्या.

प्रश्न : ठाणे-बेलापूर रस्त्यावरची एक कंपनी सांडपाण्यावरच्या आमच्या संशोधनाला सीएसआरमधून (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) पैसे देते म्हणते. विनाअनुदानित महाविद्यालय आहे. घेऊ का?

आधी कंपनीला विचारा, सातव्या परिशिष्टाच्या कुठल्या कलमाखाली देणार? कंपनी कायदा, २०१३ च्या त्या परिशिष्टात संशोधनाचं कलम आहे, पण ते सार्वजनिक निधीवर चालणारी विद्यापीठं, आयआयटी, राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि सरकारच्या पैशाने चाललेले प्रकल्प यांच्यासाठी आहे. तुमचं महाविद्यालय त्यात आपोआप येत नाही. काम खरोखरच खाडीच्या किंवा परिसराच्या भल्याचं असेल तर पर्यावरणाच्या कलमाखाली बसू शकतं. ट्रस्टकडे प्राप्तिकराची १२-अ आणि ८०-जी, तसंच कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ ही नोंदणी हवी.

कंपनीला स्वतःच्याच सांडपाण्यावर उपाय हवा असेल, तर तो सीएसआर नव्हेच. तो प्रायोजित प्रकल्प. त्याचा करार करा, जीएसटीबद्दल सनदी लेखापालांना विचारा, आणि निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा हक्क करारात लिहून घ्या. ‘कंपनीच्या परवानगीशिवाय प्रकाशन नाही’ या एका ओळीखाली विद्यार्थ्याचा प्रबंध अडकू शकतो. कंपनी गोपनीयतेचा आग्रह धरेल. तिला मसुदा पाहायला ६० दिवस द्या, नकाराधिकार देऊ नका.

पैसे परदेशातल्या मूळ कंपनीकडून थेट येणार असतील तर परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा, एफसीआरए, लागू होतो. ट्रस्टची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. तोवर एक रुपयाही स्वीकारू नका.

प्रश्न : कळव्याहून लिहितो आहे. मराठी विषयात पीएचडीला प्रवेश मिळाला आहे. नेट आहे, जेआरएफ नाही. प्राध्यापकांसाठीची अनुदानं मला मिळतील का?

प्रकल्प अनुदान नाही, तुमच्यासाठी अधिछात्रवृत्ती, म्हणजे फेलोशिप. ती राज्य सरकारच्या संस्था देतात. बार्टी अनुसूचित जातींसाठी, सारथी मराठा-कुणबी समाजासाठी, महाज्योती इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी. बार्टी आणि सारथी पुण्यात, महाज्योती नागपुरात. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांनी पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या जाहिराती पाहाव्यात. प्रवर्ग कुठलाही असो, जेआरएफसाठी नेट पुन्हा देता येते. वयाची अट तेवढी पाहा.

प्रवेश मिळणं आणि नोंदणी पक्की होणं यात फरक असतो. जाहिरातीत बहुधा पक्क्या नोंदणीचं पत्र आणि त्यावरची तारीख मागतात, म्हणून संशोधन समितीपुढचं सादरीकरण लांबवू नका. एका वेळी एकच अधिछात्रवृत्ती घेता येते. प्रवर्गाप्रमाणे जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र लागतं. नॉन-क्रिमिलेअर जाहिरातीच्या तारखेला चालू असायला हवं. तहसील कार्यालयात ते एका दिवसात मिळत नाही, तेव्हा जाहिरातीची वाट न पाहता आत्ताच अर्ज करा.